इमानाचा फैसला कोणी करायचा?

इमानेइतबारे चाकरी करणाऱ्याला आपण मराठीत इमानी म्हणतो. म्हणजे मराठीने इमान वागणुकीत पाहिले. इस्लामी धर्मशास्त्रात मात्र इमान मनात असते की अमलात, यावर हिजरीच्या पहिल्याच शतकात वाद पेटला. तो पेटला रणांगणावर.

इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीन येथे हजरत अली (र.) आणि हजरत मुआविया (र.) यांची सैन्ये भिडली. लवाद नेमायचे ठरताच अलींचा एक गट फुटून निघाला. फैसला अल्लाहचाच, माणसांचा लवाद मानणे हेच पाप, असे त्यांचे म्हणणे. हे खारिजी. मोठे पाप करणारा इस्लाममध्ये राहतच नाही, असे त्यांतले जहाल मानत. ६६१ मध्ये कूफ्यात अलींना शहीद करणारा खारिजीच होता.

मुर्जिया पंथाने याच्या उलट भूमिका घेतली. 'इरजा' म्हणजे निर्णय पुढे ढकलणे. पापी माणसाचा निवाडा अल्लाहवर सोपवावा, हे त्यांचे सूत्र. बसऱ्यात वासिल बिन अता (मृत्यू ७४८) यांनी तिसरी वाट काढली : असा माणूस मोमिन नाही आणि काफिरही नाही. मुअतझिला पंथाचा हा एक मूळ सिद्धांत ठरला.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हता. ७२८च्या सुमारास समरकंद भागात लोक मोठ्या संख्येने मुसलमान झाले. जिझिया माफ होईल, असे त्यांना सांगितले होते. महसूल घटताच उमय्या सुभेदाराने नवमुस्लिमांची सुंता झाली आहे का, त्यांना कुरआनची सूरा वाचता येते का, याची तपासणी लावली आणि पुढे जिझियाही पुन्हा बसवला. इमानाची व्याख्या अशी खजिन्यापर्यंत पोचली. तेव्हा या नवमुस्लिमांची बाजू घेणाऱ्यांत मुर्जिया विचाराचे लोक होते.

कूफ्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनी मनाची ग्वाही आणि जिभेची कबुली म्हणजे इमान, असे मांडले. अमल फर्जच आहे. पण त्यात कसूर झाली म्हणून इमान जात नाही. इमाम शाफई (मृत्यू ८२०) आणि इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू ८५५) यांच्या मते अमलही इमानाचाच भाग. म्हणून इमान वाढते आणि घटते. अमल वेगळा काढला तर माणूस ढिला पडेल, ही त्यांच्या बाजूची चिंता होती. ती पोकळ म्हणता येणार नाही.

तरीही एका गोष्टीवर हे इमाम एकत्र आले : केवळ गुनाह केला म्हणून कोणाला इस्लामबाहेर काढायचे नाही. कोकणातला मुसलमान बहुतांशी शाफई, देशावरचा हनफी. इमानाच्या व्याख्येत दोघांच्या इमामांचे जमले नाही. पण मुंबईच्या मशिदीत दोघे एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. शेजाऱ्याचे इमान किती, हे कोणी कोणाला विचारत नाही. आज ऊठसूट कुफ्रचा फतवा देणाऱ्यांनी ही सफ एकदा पाहावी. खारिज्यांनीही सुरुवात अल्लाहच्या फैसल्यापासूनच केली होती. शेवटी तो फैसला त्यांनी आपल्या हाती घेतला.