वय, वंश आणि रक्तातील नोंद

१८४७ साली रुडॉल्फ फिर्खो यांनी पांढऱ्या पेशींच्या अनिर्बंध वाढीला ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. त्याचा संथ प्रकार असलेला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार. पाश्चात्त्य देशांत त्याचे निदान बहुधा वयाच्या ७० वर्षांच्या आसपास होते. भारत, जपान व चीनमध्ये तो विरळ आहे.

लोकसंख्येचे तारुण्य हे याचे संपूर्ण कारण नव्हे. हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांतही हे प्रमाण कमीच राहिले. आहार आणि परिसर बदलूनही जोखीम फारशी बदलली नाही. त्यामुळे संशोधकांचे लक्ष आनुवंशिकतेकडे वळले. या आजाराचे टप्पे ठरवणारी सर्वमान्य पद्धत १९७५ मध्ये मांडली, ती मूळ जोधपूरच्या डॉ. कांती राय यांनी.

वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. अशा केंद्रांचे महत्त्व केवळ उपचारांपुरते नाही. हा आजार पुष्कळदा लक्षणांविना, साध्या रक्ततपासणीत उघडकीस येतो. जिथे तपासणी व नोंद तोकडी, तिथे ‘विरळ’ आणि ‘अज्ञात’ यांतील भेद कळत नाही. वंशामुळे जोखीम कमी असली, तरी ज्येष्ठांच्या अहवालात सातत्याने वाढलेल्या लिम्फोसाइट पेशींकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.