गोठणरोधी द्रव, अवजड डीझेल एंजिनांतील

अंतर्ज्वलन एंजिन थंड ठेवण्यासाठी त्याभोवती खेळविण्यात येणाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू खाली आणणाऱ्या पदार्थास गोठणरोधी द्रव म्हणतात. व्यवहारात ‘अँटिफ्रीझ’ हा शब्द रूढ आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते आणि त्या प्रसरणामुळे ओतीव लोखंडाचा सिलिंडर-ठोकळासुद्धा तडकतो. ही आपत्ती टाळणे हा या द्रवाचा मूळ हेतू होय. तथापि मालमोटारी, खाणीतील व बांधकामावरील यंत्रे, जनित्रे यांसारख्या अवजड कामांच्या डीझेल एंजिनांच्या बाबतीत योग्य द्रवाची निवड हा प्रश्न कालांतराने थंडीपासून बराच दूर गेला. तो कसा गेला, हा या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

मोटारगाड्यांच्या आरंभीच्या काळात गोठण टाळण्यासाठी हाती लागेल तो पदार्थ पाण्यात मिसळून पाहिला जाई. कॅल्शियम क्लोराइडाचा विद्राव स्वस्त होता व तो सहज गोठतही नसे; पण तो धातू झपाट्याने खाई आणि प्रज्वलनाच्या तारांवर उडाल्यास विद्युत् प्रवाहाला भलतीच वाट मिळे. ग्लिसरीन महाग व थंडीत दाट होणारे होते. मध व साखर यांचेही प्रयोग झाले. रॉकेल वापरले, तर रबरी नळ्या फुगत आणि आगीचे भय राही. या सर्वांमध्ये टिकून राहिली ती अल्कोहॉले. मिथेनॉल ६४·७° से. ला व एथिल अल्कोहॉल सु. ७८° से. ला उकळते, म्हणजे दोन्ही पाण्याच्या आधी. घाट चढताना एंजिन तापले, की अल्कोहॉल वाफ होऊन निघून जाई आणि त्याच रात्री थंडी पडली, तर रेडिएटरमध्ये राहिलेले नुसते पाणी गोठे. त्यामुळे हिवाळाभर तरकाटा घेऊन विद्रावाची घनता पुनःपुन्हा तपासणे हे वाहनचालकाच्या नित्यकर्मांपैकी एक होऊन बसले.

एथिलीन ग्लायकॉलाने ही अडचण दूर केली. हे संयुग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदॉल्फ व्ह्यूर्ट्स यांनी १८५६ मध्ये प्रथम तयार केले. पुढे कित्येक वर्षे ते प्रयोगशाळेतील एक कुतूहलाची वस्तू एवढ्याच योग्यतेचे राहिले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात युनियन कार्बाइड उद्योगसमूहाने १९२५ च्या सुमारास त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि १९२७ मध्ये ते ‘प्रेस्टोन’ या नावाने बाजारात आले. जर्मनीत ‘ग्लायसँटिन’ हे त्याच जातीचे उत्पादन १९२९ च्या सुमारास निघाले. रजताच्या उत्प्रेरकावर एथिलिनाचे हवेने सरळ ऑक्सिडीकरण करण्याची रीत फ्रान्समध्ये तेओदोर लेफॉर यांनी १९३१ मध्ये शोधली. तिच्यामुळे एथिलीन ऑक्साइड व त्यापासून मिळणारे ग्लायकॉल ही दोन्ही स्वस्त झाली.

ग्लायकॉलाचा उकळबिंदू सु. १९७° से. आहे. तापलेल्या एंजिनातून उडते ते पाणी, ग्लायकॉल मागे राहते. याचे एक नवल असे, की शुद्ध ग्लायकॉल स्वतः सु. –१३° से. ला गोठते, पण पाण्याशी समान आकारमानात मिसळल्यास ते मिश्रण सु. –३७° से. पर्यंत द्रव राहते. ग्लायकॉल दोन तृतीयांशाच्या पलीकडे गेले, की गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो. शिवाय ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा दुबळे आहे. समभाग मिश्रणाची उष्णताधारकता पाण्याच्या मानाने सुमारे सहाव्या हिश्शाने कमी असते. ‘जास्त घातले तर जास्त संरक्षण’ ही समजूत त्यामुळे दोन्ही अंगांनी चुकीची ठरते. लढाऊ विमानांच्या एंजिनांनीही हाच धडा घेतला. रोल्स-रॉइस मर्लिन एंजिन आरंभी निव्वळ ग्लायकॉलाने थंड केले जाई. पुढे त्याऐवजी दाबाखाली ठेवलेले सु. ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरात आले.

अल्कोहॉलाचे ते ‘तात्पुरते’ आणि ग्लायकॉलाचे ते ‘कायमचे’ गोठणरोधी, अशी वर्गवारी अमेरिकी बाजारात रूढ झाली. उडून न जाणारे या मर्यादित अर्थाने ‘कायमचे’ हे विशेषण खरे होते. परंतु एकदा भरले की पाहावयास नको, असा त्याचा अर्थ घेतला गेला आणि त्याची किंमत मुख्यतः डीझेल एंजिनांनी मोजली. ग्लायकॉल हवेच्या व उष्णतेच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडीकृत होऊन अम्लधर्मी होते व धातू खाऊ लागते. ते रोखण्यासाठी त्यात अल्प प्रमाणात मिसळलेली संक्षारणरोधक द्रव्ये कामात खर्च होतात. ग्लायकॉल शाबूत राहते आणि त्याचे रक्षकत्व संपते. तरकाट्याला मात्र यातील काहीच दिसत नाही.

डीझेल एंजिनाची रचना येथे लक्षात घ्यावयास हवी. बेन्झ व एम. ए. एन. या जर्मन कारखान्यांनी १९२३–२४ मध्ये डीझेल मालमोटारी पुढे आणल्या आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत अवजड वाहतूक बव्हंशी या एंजिनाकडे गेली. अशा अनेक एंजिनांत सिलिंडराचे अस्तर ‘ओले’ असते, म्हणजे दट्ट्या ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याची बाहेरची बाजू सरळ शीतक द्रवाला लागून असते. झिजल्यावर ते काढून नवे बसविता येते, ही त्याची मोठी सोय आहे. पण डीझेलमधील स्फोटक दाबाने दट्ट्या प्रत्येक फेरीत अस्तराच्या भिंतीवर आपटतो, भिंत घंटेसारखी थरथरते आणि ती क्षणभर द्रवापासून दूर सरताच तेथे वाफेचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात. पुढच्या क्षणी ते कोसळतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याजवळ दाब किती प्रचंड होऊ शकतो, याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडले होते. जहाजांच्या मळसूत्री पंख्यांवर खड्डे पाडणारी व ‘कॅव्हिटेशन’ या नावाने ओळखली जाणारी घटना ती हीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रथम तेथेच दिसून आली. अस्तरावर ज्या बाजूस दट्ट्या आपटतो, त्याच बाजूस उभ्या ओळीत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात व ती आत आत जातात. एंजिनाच्या अपेक्षित आयुष्याच्या थोड्याशा भागातच एखादे छिद्र आरपार जाऊ शकते. मग शीतक सिलिंडरात व तेथून वंगण तेलात उतरते. ग्लायकॉल मिसळलेल्या तेलाचा गाळ होतो आणि धारवे नष्ट होतात. बर्फाने ठोकळा तडकला, तर तो सकाळी दिसतो. हे नुकसान दिसते तेव्हा एंजिन बहुधा उघडावेच लागते. उष्ण प्रदेशात गोठण्याचे भय नाही म्हणून नुसत्या पाण्यावर समाधान मानणारेही या आपत्तीतून सुटत नाहीत.

यावर उपाय म्हणून प्रथम क्रोमेटे वापरात आली. साध्या पाण्यात ती उत्तम काम देतात. परंतु ग्लायकॉलाशी त्यांचे जमत नाही, त्यांची विक्रिया होऊन हिरवट गाळ बसतो. षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे प्रस्थापित झाल्यावर त्यांचा वापर मागे पडला. त्यांची जागा सोडियम नायट्राइटाने घेतली. ते लोखंडावर ऑक्साइडाचा पातळ पण चिवट थर निर्माण करते. बुडबुड्याच्या आघाताने तो फाटला, तरी लगेच पुन्हा जुळतो. प्रत्येक दुरुस्तीत थोडे नायट्राइट खर्ची पडते. त्यामुळे ठराविक अंतर चालल्यावर पूरक द्रव्य घालणे, किंवा ते घनरूपात भरलेली शीतक-गाळणी बदलणे, ही मालमोटार आगारांतील नित्याची रीत झाली. ब्रिटनमध्ये १९५९ साली तीन वेगवेगळ्या निरोधक-समूहांसाठी तीन स्वतंत्र मानके काढण्यात आली; त्यांपैकी एक बेन्झोएट व नायट्राइट यांच्या जोडीचे, तर एक टाकणखाराचे होते. एकच द्रव सर्व धातूंना सारखा मानवत नाही, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

नायट्राइट कमी पडले, तर अस्तर जाते. जास्त झाले, तर डाख व ॲल्युमिनियम यांना ते बाधते. या अरुंद वाटेवर आणखी एक खड्डा होता. ॲल्युमिनियमाच्या रक्षणासाठी मोटारगाड्यांच्या गोठणरोधी द्रवात सिलिकेटे वाढविण्यात आली. तोच डबा मालमोटारीत ओतून वर नेहमीचे पूरक द्रव्यही घातले, की सिलिकेटे विद्रावातून बाहेर पडून त्यांची हिरवी खळ होई व रेडिएटरच्या नळ्या तुंबत. संरक्षणाचा अतिरेक हाच येथे बिघाडाचे कारण होता. यातून अमेरिकेत अवजड एंजिनांसाठी अल्प सिलिकेटाचे वेगळे मानक निघाले आणि पुढे आवश्यक निरोधके आधीच मिसळलेल्या द्रवाचे. या दुसऱ्या मानकात (एएसटीएम डी ६२१०) नव्या द्रवात दर दशलक्ष भागांत किमान १,२०० भाग नायट्राइट, अथवा नायट्राइट व मॉलिब्डेट मिळून किमान ७८० भाग असावेत, अशी अट आहे. विशिष्ट कसोटी-यंत्रावर अस्तरसंरक्षण सिद्ध करण्याचा मार्गही त्याने खुला ठेवला आहे.

देशोदेशींच्या आवडीनिवडींमागेही अनुभव आहे. यूरोपात पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असल्याने फॉस्फेटे चुन्याचा साका धरतात, म्हणून ती नकोत. नायट्राइट व अमाइने एकत्र आल्यास घातक नायट्रोसामाइने होतात, म्हणून तीही नकोत. जपानमध्ये सिलिकेटे पाणीपंपाची चकती झिजवितात असे मानून ती टाळली गेली आणि फॉस्फेटे ठेवली गेली. १९९० नंतर कार्बनी अम्लांच्या लवणांवर आधारलेली निरोधके पसरली. जनरल मोटर्सने १९९६ च्या सुमारास ती आपल्या गाड्यांत आणली. ही लवणे केवळ गंज सुरू होणाऱ्या जागीच खर्च होत असल्याने दीर्घकाळ टिकतात. अवजड एंजिनांसाठी त्यांना आरंभी नायट्राइटाची जोड देण्यात आली. अलीकडे नायट्राइटविरहित द्रवही अनेक एंजिन-उत्पादक मान्य करतात. मात्र दोन जातींचे मिश्रण केले, तर दोहोंचे गुण पातळ होतात. रंगावरून जात ओळखण्याची सवय सर्वत्र आढळते. रंग हा उत्पादकाने घातलेला निव्वळ रंग असतो, त्यास मानकाचा आधार नाही.

रेल्वेने या प्रश्नाचे वेगळेच उत्तर दिले. अमेरिकी डीझेल लोकोमोटिव्हांत परंपरेने ग्लायकॉल वापरीत नाहीत; निरोधकयुक्त पाणीच भरतात आणि थंडीत एंजिन चालू ठेवतात किंवा तापमान उतरताच पाणी आपोआप सोडून देणारी झडप बसवितात. तेलात ग्लायकॉल शिरण्याचा धोका त्यांना इंधनाच्या खर्चापेक्षा मोठा वाटला.

भारतात मैदानी मुलखात दीर्घकाळ मालमोटारींत विहिरीचे वा नळाचे पाणी भरले जाई. गोठणरोधी द्रव हा लडाखसारख्या सीमाप्रांतातील सैन्याच्या वाहनांचा विषय समजला जाई. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कारखान्याच्या एंजिनांत ओली अस्तरे होती आणि अशी एंजिने धरणे, खाणी व जनित्रसंच यांवर पसरल्यावर निरोधकाचा प्रश्न बर्फ कधी न पाहिलेल्या यंत्रशाळांपर्यंत पोहोचला. एंजिन-शीतकांसाठी भारतीय मानकही (आयएस ५७५९) आहे. पाणी निर्खनिजीकृत असावे, गोठणबिंदू अपवर्तनमापकाने व निरोधक चाचणीपट्टीने स्वतंत्रपणे तपासावे, ही आजची रीत आहे. पैकी पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी होते. दुसरी राहून जाते.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व विषारी आहे. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक अम्लापर्यंत रूपांतर होऊन मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे स्फटिक साचतात. लहान मुले व पाळीव जनावरे यांना त्यापासून विशेष धोका असल्याने काही देशांत त्यात कडू द्रव्य मिसळतात. त्या मानाने प्रोपिलीन ग्लायकॉल पुष्कळच सौम्य आहे; ते महाग असून थंडीत अधिक दाट होते, तरी जेथे गळती पाण्यात वा अन्नात जाण्याचा संभव आहे तेथे त्याचीच निवड करतात. निकामी झालेला द्रव गटारात सोडणे दोन्ही बाबतींत वर्ज्य आहे, कारण वापरलेल्या शीतकात एंजिनातील शिसे व तांबे उतरलेले असते.