सति, स्मरण आणि ताटी

हरिपाठ म्हणताना ओठ चालू असतात आणि मन पेरणीवर, नाहीतर मुलीच्या लग्नावर जाऊन बसते. हे ध्यानात आले की पुष्कळ वारकरी स्वतःलाच कोसतात. इतकी वर्षे माळ घालून काय मिळवले, म्हणतात. त्याने नाम पुढे सरकत नाही. उलट दुसऱ्या दिवशी जपाला बसायचाच संकोच वाटतो.

भरकटलेले मन ओळखून परत आणण्याच्या अभ्यासाला आज जगभर ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. मूळ शब्द पाली, ‘सति’. सति म्हणजे संस्कृतातील स्मृती, अर्थात आपल्या स्मरणाचेच भावंड. सिलोनात सरकारी नोकरी केलेल्या ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली बौद्ध सुत्तांच्या भाषांतरात त्यासाठी तो इंग्रजी शब्द योजला.

ही साधना महाराष्ट्रात रुजली ती ब्रह्मदेशातून येऊन. मंडाले येथे जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने हैराण होते. ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्या गुरूंनी सांगितले. चित्तशुद्धीसाठी येत असाल तर या. (आपणही रक्तदाब उतरावा म्हणून वारीला जात नाही. उतरला तर माउलीची कृपा!) १९५५ साली गोएंकांनी पहिले शिबिर केले, १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराची सांगता मंगल मैत्रीने होते. नुसते मन न्याहाळून उठायचे नाही, हे त्यात गृहीत आहे.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी हाच अभ्यास सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांचा ठरला. वेदना तीच, पण तिच्याभोवतीची चडफड कमी होते, हा अनुभव अनेकांना आला. मात्र करुणेची बाजू तिथे पडद्याआड राहिली असे मला वाटते. ती क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली स्पष्ट मांडली: स्वतःशी मायेने वागणे, चुकणे सर्वांच्याच वाट्याला येते हे जाणणे आणि सजगता. ज्यांच्यात ही आत्मकरुणा अधिक, त्यांच्यात चिंता आणि खिन्नता कमी आढळते.

यावर कोणी म्हणेल, असे लाड केले तर साधक ढिला पडेल. बर्कलीच्या विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटे दिसले. अवघड परीक्षेत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे मायेने पाहायला सांगितले, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी अधिक वेळ अभ्यास केला.

आपल्याकडे हे अंगणातच घडले आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी परंपरा आहे. बाहेर धाकटी मुक्ताई उभी. योग्याला राग आला म्हणून ती त्यांना हिणवत नाही, आणि राग बरोबरच होता असेही म्हणत नाही. संत कोण असतो याचे ती स्मरण देते आणि पुन्हा पुन्हा ताटी उघडायला विनवते, दादाचे ज्ञानेश्वरपण एका क्षणाच्या क्रोधाने पुसले गेले असे तिने क्षणभरही मानलेले नाही.