करारपत्र आणि देहव्यवसाय : जपानमधील दीडशे वर्षे (१८७२–२०२२)

जपानमधील देहव्यवसायाच्या इतिहासाची मांडणी बहुधा नीतीच्या किंवा शहरी रंजनाच्या अंगाने केली जाते. प्रस्तुत निबंधात तो करारपत्राच्या अंगाने पाहावयाचा आहे. कारण या व्यवसायातील स्त्रीचे स्वातंत्र्य पुष्कळदा कागदावरच हिरावले गेले आणि कागदावरच परत मागावे लागले.

एदो (आजचे तोक्यो) येथील योशिवारा या वस्तीस १६१७ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली. तेथील प्रथेनुसार पालकांना आगाऊ रक्कम मिळे आणि तिच्या मोबदल्यात मुलीने ठरावीक वर्षे चाकरी करावयाची असे. कागदोपत्री ही विक्री नव्हती. शिक्का मात्र पालकाचा आणि फेड मुलीची.

१८७२ मध्ये पेरूचे ‘मारिया लूझ’ हे जहाज योकोहामा बंदरात आले. त्यावरील चिनी मजुरांना जपानी न्यायालयाने मुक्त केले. त्या खटल्यात प्रतिपक्षाच्या वकिलाने जपानमधीलच गणिकांच्या करारांकडे बोट दाखविले. त्याच वर्षी शासनाने गणिका व गेशा यांच्या मुक्ततेचा आदेश काढला. माणूसपणाचे हक्क गमावलेल्या या स्त्रियांची स्थिती गुराघोड्यांसारखी असून गुराघोड्यांकडून कर्जफेड मागता येत नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. मुक्ततेसाठीही स्त्रीला आधी पशू ठरावे लागले, हे लक्षणीय आहे. पुढच्याच वर्षी कुंटणखाने ‘भाड्याच्या खोल्या’ म्हणून नव्या नियमांखाली पुन्हा उभे राहिले. आगाऊ कर्ज आणि चाकरी ही अविभाज्य असून दोन्ही रद्दबातल आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९५५ मध्ये. १९५६ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्यातील शिक्षेची कलमे १९५८ पासून लागू झाली.

या कागदांत जे येत नाही ते साहित्यात सापडते. हिगुची इचियो या लेखिकेने १८९३–९४ मध्ये योशिवाराच्या शेजारी छोटेसे दुकान चालविले. त्या परिसरावरील तिच्या ‘ताकेकुराबे’ (१८९५–९६) या कथेतील मिदोरीची थोरली बहीण नामांकित गणिका आहे. मिदोरीच्या हाती सढळ पैसा खेळतो, आणि त्याची किंमत कथेच्या अखेरीस तिच्या अबोल होण्यातून वाचकाला उमगते.

१९८० च्या दशकात प्रौढांसाठीच्या चित्रफितींचा उद्योग फोफावला आणि करारपत्राने नवे रूप घेतले. चित्रीकरणास नकार देणाऱ्या एका तरुणीकडे एका संस्थेने सुमारे २ कोटी ४६ लाख येन भरपाई मागितली. २०१५ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने ती मागणी फेटाळली. एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय २० वरून १८ झाले. त्यामुळे १८–१९ वर्षांच्या तरुणांचा, अज्ञान म्हणून करार रद्द करण्याचा अधिकार संपला. या पार्श्वभूमीवर जूनमध्ये स्वतंत्र कायदा आला : लेखी करार, चित्रीकरणापूर्वी एक महिना, प्रकाशनापूर्वी चार महिने, आणि प्रकाशनानंतर एक वर्षपर्यंत विनाअट करार मोडण्याची मुभा. आपल्याला न विचारता केलेल्या या कायद्याने रोजगार आटला, अशी तक्रार काही कलाकारांनीच केली.

ती तक्रार अभ्यासकाने बाजूला सारू नये. १८७२ च्या आदेशात आणि २०२२ च्या कायद्यात मोठे अंतर आहे. नव्या कायद्याने स्त्रीला स्वतःची सही परत घेण्याचा हक्क दिला. तरीही दोन्ही मसुदे तिच्याविषयी इतरांनी लिहिले. म्हणून करारपत्राचे वाचन करताना त्यातील ‘मी’ कोणाचा, हा तौलनिक साहित्याला परिचित असलेला प्रश्न येथेही प्रथम विचारावा लागतो.