औषध शिकवणारा माणूस

जुन्या दवाखान्यातली औषधाची बाटली तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आत लाल किंवा पिवळं मिश्रण, बाहेर चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. हे मिश्रण कंपाउंडर करी. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि त्याने आतल्या खोलीत बाटली भरायची, अशी कामाची वाटणी असे. डॉक्टर कुठे शिकले हे गावाला ठाऊक असे. कंपाउंडर कुठे शिकला हे मात्र सहसा कुणी विचारीत नसे. बंगालमध्ये १८८१ पासून कंपाउंडरांसाठी वर्ग होते, परंतु देशभर पाहिलं तर बहुतेक जण दुसऱ्याच्या हाताखाली, पाहून पाहूनच तयार होत.

पाहून शिकलं तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. एक उदाहरण सांगतो. काजरा, म्हणजे कुचला, आपल्या रानातला. त्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन हे जहाल विष एके काळी अगदी अल्प प्रमाणात शक्तिवर्धक म्हणून देत. आता हे ज्या मिश्रणात आहे त्यात क्षार पडला, तर विष पाण्यात विरघळलेलं राहत नाही. ते हळूहळू तळाशी बसतं. रोगी पहिले चार दिवस औषध घेतो, काही होत नाही. शेवटच्या खाचेला मात्र तळचा सारा गाळ पेल्यात येतो. दोन्ही औषधं चांगली, मापही बरोबर, आणि तरी माणूस दगावायचा! हे का घडतं ते हात पाहून कळत नाही. त्याला रसायनशास्त्र लागतं, आणि ते समजावून सांगणारा शिक्षक लागतो.

या प्रश्नाला तोंड फुटलं ते हिवतापाच्या औषधामुळे. बाजारात कमी कसाचं आणि भेसळीचं क्विनाइन येत होतं. ते कडू लागतं, पण जिभेला त्याचं प्रमाण कसं कळावं? सिंकोनाच्या सालीतली दुसरी द्रव्यंही कडूच. १९२७ साली पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात औषधांच्या भेसळीचा ठराव मांडला. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. औषधांवर नियंत्रण हवं, तसेच औषधं हाताळणारी माणसं शिकलेली हवीत, असं समितीने सांगितलं. सरकारी गाडा मात्र सावकाश चालला. औषध कायदा व्हायला १९४० उजाडलं, आणि औषध देणाऱ्याची नोंदणी सांगणारा फार्मसी कायदा तर १९४८ चा.

पण अहवालाच्या दुसऱ्याच वर्षी, १९३२ मध्ये, काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात एका माणसाने हा विषय शिकवायला सुरुवात केली होती. त्यांचं नाव महादेव लाल श्रॉफ. जन्म ६ मार्च १९०२, बिहारातल्या दरभंग्याचा. उच्च शिक्षण अमेरिकेत झालेलं. पंडित मदनमोहन मालवीयांच्या या विद्यापीठात त्यांनी प्रथम विज्ञानाच्या पदवीतच औषधरसायनाचा विषय आणला, आणि १९३७ मध्ये बी. फार्म. हा तीन वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या देशातला हा पहिलाच. त्यांचा जन्मदिवस अलीकडे औषधनिर्माण शिक्षण दिन म्हणून पाळतात, ते याचसाठी.

आता गंमत बघा. आपल्याकडे बहुधा आधी कायदा येतो आणि मग त्यासाठी माणसं शोधत फिरावं लागतं. इथे उलटं झालं. शिकलेली मुलं बाहेर पडू लागली, पण औषध द्यायला शिकलेलाच माणूस हवा असं देशभर सांगणारा कायदा नव्हता. मुलाने बापाला काय सांगावं? 'तीन वर्षं शिकलो, पण हेच काम न शिकलेलाही करू शकतो,' असं? मला वाटतं, श्रॉफांची खरी अडचण ही होती, आणि ती नुसत्या वर्गात फळ्यापुढे उभं राहून सुटणारी नव्हती. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी संयुक्त प्रांतात या व्यवसायाची संघटना काढली. पुढे तिचीच अखिल भारतीय संघटना झाली. १९३९ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ फार्मसी' हे नियतकालिक सुरू केलं आणि त्याचं संपादन स्वतः केलं. मास्तरांनी शाळेबाहेरचे असले उद्योग कशाला करावेत, असं म्हणणारे तेव्हाही असतीलच. पण विषयालाच समाजात जागा नसेल, तर ती करून देणं हाही मास्तरकीचाच भाग ठरतो. खेड्यात पहिली मुलींची शाळा चालवणाऱ्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

१९४० मध्ये काशीला एम. फार्म. सुरू झालं. इतिहासाच्या पुस्तकात याला अर्धी ओळ मिळते. माझ्या मते ही गोष्ट पदवी वर्गाइतकीच मोठी आहे. पदवीधर दुकानात जाईल, कारखान्यात जाईल. पण उद्या दुसरं महाविद्यालय निघालं, तर तिथे शिकवणार कोण? त्याची तजवीज या वर्गात होती.

श्रॉफांनी स्वतः १९४३ मध्ये काशी सोडली. पुढे राजस्थानात पिलानीला त्यांनी या शिक्षणाची पुन्हा नव्याने मांडणी केली, आणि उतारवयात कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातही शिकवलं. १९७१ मध्ये ते वारले.

दरम्यान १९४८ चा कायदा आला, १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल स्थापन झालं, आणि १९५३ मध्ये कौन्सिलने शिक्षणाचे पहिले नियम केले. औषध देणाऱ्याने किमान काय शिकावं आणि प्रत्यक्ष सराव किती करावा, हे आता ठरलं. नव्या संस्थांना शिक्षक हवे झाले. काशीचा तो पदव्युत्तर वर्ग तेव्हा तेरा वर्षांचा झाला होता.