काणी, ज्वारीवरील
ज्वारीच्या कणसात दाण्यांच्या जागी काळी भुकटी निर्माण करणारे कवकजन्य रोग. ही भुकटी म्हणजे कवकाची बीजुके (प्रजोत्पादक सूक्ष्म घटक) होत. महाराष्ट्रात दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी व लांब काणी असे चार प्रकार ओळखले जातात. ही नावे कणसाच्या बाह्य स्वरूपावरून पडली आहेत. प्रत्येकीवरील उपाय मात्र कवकाच्या प्रजोत्पादनाची रीत समजल्यानंतरच ठरविता आला.

रोगट वनस्पतीच्या रसापासूनच अशी भुकटी तयार होते, असा समज यूरोपात दीर्घकाळ होता. तीये यांनी १७५५ मध्ये गव्हावरील काणी भुकटीच्या संसर्गाने पसरते, हे प्रयोगांनी दाखविले. प्रेव्हो यांनी १८०७ मध्ये बीजुकांचे अंकुरण पाहिले व ते तांब्याच्या लवणांमुळे थांबते, हेही सिद्ध केले. १८४७ मध्ये त्यूलान बंधूंनी अंकुरणाच्या पद्धतीवरून काणी कवकांची दोन कुले मानली. रंग व आकार यांऐवजी प्रजोत्पादन हा वर्गीकरणाचा आधार होण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली.

कणसातील जाड भित्तीच्या बीजुकात दोन प्रकलांचे (कोशिकेतील कार्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या गोलसर पुंजांचे) मीलन होते. बीजुक रुजताना न्यूनीकरण विभाजन होऊन सामान्यतः चार कोशिकांची आखूड नलिका तयार होते आणि तिच्यावर दुय्यम बीजुके येतात. ती यीस्टप्रमाणे मुकुलनाने वाढू शकतात. परंतु भिन्न प्रकारच्या दोन बीजुकांचा संयोग झाल्यावर उत्पन्न होणारा द्विप्रकली तंतूच वनस्पतीत शिरून रोग निर्माण करतो. या नलिकेचे गदेशी असलेले साम्य लक्षात घेऊन काणी कवके, तांबेरा व अळंबी यांच्यासह, गदा कवकांत समाविष्ट करतात.

जी. एस. कुलकर्णी यांची मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणी रोगांवरील पुस्तिका पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने १९१८ मध्ये प्रसिद्ध केली. बी. एन. उप्पल, एम. के. पटेल व एम. एन. कामत यांनी १९३५ मध्ये इलाख्यातील कवकांची सूची दिली. भारतातील काणी कवकांवरील मुंडकुर व तिरुमलाचार यांचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला.

चारही प्रकारांत भुकटी काळीच असली, तरी तिचा पुढील प्रवास भिन्न असतो. दाणे काणीत दाण्याऐवजी आलेली पुटी मळणीत फुटते व बीजुके निरोगी दाण्यांना चिकटतात. पेरणीनंतर ती दाण्याबरोबरच रुजतात. मोकळ्या काणीतील पुट्या शेतातच लवकर फुटतात, पण तिचाही प्रसार मुख्यतः बियाण्यावाटे होतो. त्यामुळे या दोहोंवर बीजप्रक्रिया पुरेशी ठरते. पूर्वी त्यासाठी बियाणे मोरचुदाच्या पाण्यात भिजवीत. नंतर दर किलोस सु. ४ ग्रॅम गंधकाची भुकटी चोळण्याचा सोपा व स्वस्त उपाय रूढ झाला. झिपरी काणीत सर्व कणीस नष्ट होऊन केसांसारखे धागे उरतात. तिची बीजुके जमिनीत टिकून राहतात. लांब काणीची बीजुके वाऱ्याने येऊन फुलोऱ्यातील सुट्या फुलांना ग्रासतात. या दोन्हींवर गंधकाचा उपयोग होत नाही. झिपरी काणीसाठी रोगट कणसे भुकटी उधळण्यापूर्वीच काढून जाळणे व पिकांची फेरपालट करणे हेच उपाय उरतात. म्हणून काणीचा प्रकार चुकीचा ओळखला गेल्यास शेतकऱ्याचा खर्च व्यर्थ जातो आणि पीकही हाती लागत नाही.

शास्त्रीय नावे मात्र स्थिर राहिली नाहीत. पहिल्या तीन काण्यांची कवके पूर्वी स्फॅसेलोथेका या प्रजातीत घालीत. १९७८ नंतर ती स्पोरिसोरियम प्रजातीत गेली. स्फॅसेलोथेका हे नाव वेगळ्या वनस्पति-कुलावरील कवकांपुरते उरले असून ती कवके काणीपेक्षा तांबेऱ्यास अधिक जवळची असल्याचे आनुवंशिक अभ्यासातून दिसून आले आहे. बाह्य साम्य हे नात्याचे खात्रीलायक प्रमाण नव्हे, हे यावरून पुन्हा स्पष्ट होते.