मस्टरवरचा अंगठा

तेहतिसाव्या वर्षी माझ्या हाती पहिले पगारपत्रक पडले. त्याआधीची सात वर्षे मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवीत होतो. जेवढे तास तेवढे पैसे, आणि तेही कधी मिळतील याचा नेम नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तेवढाही आधार तुटे. वर्गात इंग्लंडमधल्या गिरणीकामगारांची दैना तावातावाने सांगणारा हा प्राध्यापक स्वतः किराणा दुकानदाराच्या वहीत उधार आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसावे. किंवा असेलही. त्यातली कित्येक पोरे दिवाळी झाली की आईबापांबरोबर उसाच्या फडावर जात. त्यांना मी दैना ती काय शिकवणार?

ते पगारपत्रक मी आजीला वाचून दाखविले. कपातीच्या रकान्यापाशी तिने मला थांबविले.

"ह्ये दोनशे कुणी कापले?"

"सरकारनं. व्यवसाय कर म्हणतात त्याला."

"कशापायी?"

मी तिला सांगितले की, हा कर महाराष्ट्रात १९७५ साली बसविला, तो रोजगार हमीच्या कामांसाठी. कराचे जेवढे उत्पन्न होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि त्या पैशातून मजुरांचे पगार करायचे, अशी ती व्यवस्था. आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या मस्टरचे पैसे व्हय? मंग कापू दे."

तिच्या या एका वाक्याने मी तिच्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून प्रथमच पाहिले. ती १९७२ च्या दुष्काळातली मजूर. तोवर मी दुष्काळाचा इतिहास ग्रंथालयात शोधत होतो.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आमचे गाव. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता, १९७२ ला त्याने पुरतीच पाठ फिरविली. या दुष्काळाची नोंद विद्वानांनी गौरवाने केली आहे. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या १९८९ च्या 'हंगर अँड पब्लिक ॲक्शन' या ग्रंथात त्याचे विवेचन आहे. पीक बुडाले, परंतु १९४३ च्या बंगालसारखी माणसे मेली नाहीत. कारण सरकारी कामांवर रोख मजुरी मिळाली आणि माणसांच्या हाती धान्य घेण्यापुरता पैसा आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्या ५० लाखांतली एक माझी आजी. विशीतली पोर, काखेत दोन वर्षांचे लेकरू. ते लेकरू म्हणजे माझे वडील.

दुष्काळी काम ही काही १९७२ ची कल्पना नव्हे. १८७७ साली सर रिचर्ड टेंपलने अशा कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापावर आणून ठेवली, तेव्हा मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे टाकून दिली होती. त्याच साली जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आला, दुष्काळसंहिता आल्या. परंतु संहितेतला मजूर हा सरकारच्या दयेचा धनी होता, हक्काचा नव्हे. काम कधी सुरू करायचे आणि कधी बंद करायचे, ते साहेब ठरविणार.

आजीचे काम पाझर तलावावर होते. पुरुषांनी टिकावाने माती खणायची, बायांनी घमेल्यांनी ती पाळीवर टाकायची. घरी रेशनची लाल मिलो, कामावर सुकडी. मिलोची भाकरी थापताना फुटायची, हे सांगताना आजीचे हात अजूनही परातीत असल्यासारखे हलतात. पण दुष्काळाने जात मोडली असे कुणी म्हणाले तर ती हसते. टोळ्या आळीआळीच्या होत्या. पाणी पाजणारी बाई वरच्या जातीची. तिने वरून ओतायचे आणि आमच्या बायांनी ओंजळ धरायची. तहान एक, ऊन एक, मस्टर एक; तांब्या मात्र एक नाही.

आणि तरीही आजी त्या कामाबद्दल वाईट बोलत नाही. हे कोडे मला बरेच दिवस उलगडले नव्हते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने येसकरी सोडली. मान मिळविला, पण भाकरीचा रस्ता बंद झाला. पुन्हा त्याच वाड्यांपुढे मजुरीसाठी उभे राहणे आले. मालक म्हणेल तो भाव, आणि तोही बहुधा धान्यात, सुपातून पदरात पडेल तेवढा. दुष्काळी कामावर तिला दोन-अडीच रुपये रोज पडे, असे ती सांगते. रक्कम मोठी नव्हे. परंतु टेबलामागे बसलेल्या कारकुनाने नाव पुकारले, तिने अंगठा उठविला आणि नाणी मोजून घेतली. "वाड्याम्होरं उभं ऱ्हावं न्हाई लागलं," ती म्हणते. ती जे सांगते ते आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुठल्या प्रकरणात येते?

१९७२ म्हटले की आपल्याला दलित पँथर आठवते. राजा ढाले यांचा 'साधना'तला लेख आठवतो. ते योग्यच आहे. त्या वर्षाने आम्हाला मान वर करून बोलायला शिकविले. परंतु त्याच वर्षी आपल्या आया-आज्या खडी फोडत होत्या. आपल्या पानांत ते १९७२ त्या मानाने कमी येते. ही तक्रार मी दुसऱ्या कुणाविरुद्ध नव्हे, स्वतःविरुद्धच नोंदवितो.

रोजगार हमीचे श्रेय विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांना दिले जाते. तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ साली त्यांनी तो प्रयोग केला होता. ते श्रेय द्यावेच. पण दुष्काळात कामे मिळावीत म्हणून निघालेल्या मोर्चांना वगळून ही कथा सांगू नये. कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून पडून होता. तो एका राज्याने कायद्यात आणला. या दोन तारखांच्या मध्ये, १९७८ साली, नामांतराच्या निमित्ताने मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. त्याची कारणे अनेक. परंतु मस्टरवर नाव लागलेला मजूर पूर्वीच्या भावाने बांधावर येत नाही, हा रागही त्यात धुमसत होता, असे मला वाटते.

२०२० च्या मे महिन्यात आजी टीव्हीपुढे बसून होती. जालन्याहून गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण मेले, तो ८ मेचा दिवस. रुळांत भाकरी विखुरलेल्या दिसत होत्या. आजी त्या माणसांची भाषा जाणत नाही, त्यांचा मुलूख तिने पाहिलेला नाही. ती एवढेच म्हणाली, "फडक्यात बांधून घेतल्या असतील. आमी बी तशाच नेत व्हतो." नंतर बराच वेळाने, "आमी कामाकडं चाललो व्हतो. ही तर कामाकडून चालली." त्या वर्षी केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली देशातल्या सुमारे साडेसात कोटी कुटुंबांनी काम केले. चाकणहून परतलेला माझा चुलतभाऊही त्यांत होता. केंद्राच्या त्या कायद्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती; महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे?

गेल्या वर्षी मी आजीचे मस्टर शोधायला एका कचेरीत गेलो. दोन हेलपाटे झाल्यावर कळले की त्या काळचे कागद वाळवीने खाल्ले. ५० लाख हा आकडा राहिला, अंगठे गेले. आजीला सांगितले तर तिला त्याचे काही वाटले नाही. म्हणाली, "कागद गेला आसंल. तळं तर हाय."

तेव्हा आम्ही तळ्यावर गेलो. पाळीच्या एका टोकाला तिने मला थांबविले; तिथे बाभळीला झोळी बांधून ती माझ्या वडिलांना निजवायची. बाभूळ आता नाही. तळ्यात पाणी बेताचेच. पाझर तलावाचे पाणी तळ्यात कमी, खालच्या जमिनीत अधिक, हे शाळेत शिकलो होतो. ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. पाळीखाली मळे हिरवे होते, मोटारींचा आवाज येत होता. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन सरकारच्या मालकीची करून, जातपात न पाहता सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावी, असे मांडले होते. ते झाले नाही. ज्यांनी तळे खणले त्यांना मजुरी मिळाली. पाणी, ज्याची जमीन त्याला.

आजी हात कपाळावर धरून खालच्या विहिरी मोजत होती.

"सात," ती म्हणाली. "आमी माती वाहत व्हतो तवा दोनच व्हत्या."